रविवारी जागा राहणारा माणूस

१

ॲल्स्टनचा फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. हात मासळीचे, फोन स्पीकरवर. त्यामुळे तो जे ओरडला ते माझ्याबरोबर शेजारणीनेही ऐकलं.

"रुकय्या सिस्टर, तुमच्या नर्सनं माझ्या बापाला काहीतरी घातलंय! मेला असता आज!"

मी सरकारी इस्पितळात मॅट्रन होते. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून मालवणात घरोघरी नर्स पाठवणारा एक छोटा ब्युरो काढला. पेशंटच्या नातेवाइकांचा आरडाओरडा मला काही नवा नाही. अशा वेळी मी फक्त कामाचं विचारते.

"बाप्तिस्त शुद्धीवर आहे का?"

"आता आलाय. डॉक्टर वेळेवर पोचले म्हणून."

"डॉक्टरांना कोणी बोलावलं?"

ॲल्स्टन जरा अडखळला. "तिनंच."

म्हाताऱ्याला काहीतरी घालायचं आणि मग स्वतःच डॉक्टरला बोलावायचं, हे काही माझ्या गळी उतरेना. पण गोव्याहून धावत आलेल्या ॲल्स्टनने तोवर सगळ्या वाडीत सांगून टाकलं होतं, की दुपारी स्वतःला आराम मिळावा म्हणून माझी नर्स आनंदी म्हाताऱ्याला झोपेचं औषध पाजते.

मी डॉक्टरांना फोन लावला. बाप्तिस्तला मणक्याचा कॅन्सर. दुखणं सहन व्हावं म्हणून त्याच्या पाठीवर औषधाचा पॅच चिकटवलेला असतो. त्यातून औषध हळूहळू कातडीतून आत जातं. छातीवर लावला तर तो ग्लानीत ओढून काढायचा, म्हणून पाठीवर. डॉक्टर म्हणाले, "लक्षणं सगळी त्याच औषधाच्या जास्त डोसची होती. श्वास मंद, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. तुमच्या नर्सनं पॅच लगेच उपटला नसता तर वाचला नसता. पण मॅट्रन, डब्यातले पॅच मोजून बरोबर आहेत आणि अंगावर एकच होता. मग जास्तीचं औषध आलं कुठून?"

मी हात धुतले. संध्याकाळपर्यंत दोन घरांतून निरोप आला, की आमच्याकडे आनंदीला पाठवू नका. नर्सचं नाव एकदा असं खराब झालं की तिला या किनाऱ्यावर कोणी दारातही उभं करत नाही. आणि इकडे, ज्याने कोणी हे केलं होतं तो बाप्तिस्तच्या खाटेपाशीच वावरत होता.

२

आनंदी कट्टा गावाहून सकाळच्या एसटीने आली आणि माझ्यासमोर ताठ बसली. डोळे लाल होते.

"त्या घरात भांडण कशावरून झालं?" मी विचारलं.

"भांडण नाही, मॅडम. मी नाही म्हटलं."

"कशाला?"

"ॲल्स्टनदादांच्या रॉविनावहिनी शाळेत शिकवतात. जाताना म्हणायच्या, जरा मासळी साफ करून ठेव, दोरीवरचे कपडे काढ. मी म्हटलं, मी पेशंटसाठी येते. त्यांच्या सासू पिएदादबाई म्हणाल्या, माका मावशी म्हण, घरचीच तू. मी म्हटलं, बाईच बरं. एकदा मावशी म्हटलं की भाचीची कामं आलीच मागोमाग."

मला हसू आलं, पण तिला नाही.

"रात्री राहा म्हणाले, मी शेवटच्या एसटीने गेले. सुकी मासळी बांधून दिली, मी ठेवून आले. घरात जेवायला बसले की दर घासाला हाक यायची, म्हणून दुपारी डबा घेऊन वाडीतल्या छोट्या चर्चच्या, कपेलाच्या पडवीत जाते. तेवढा वेळ बाई पेशंटजवळ असतात. मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना, की पहिल्या आठवड्यात जे ठरतं तेच पुढे चालतं?"

शिकवलं होतं खरं. आणि माझ्या मुलींपैकी ही एकटीच ते अक्षरशः पाळत होती.

"त्या दिवशी काय झालं?"

"जेवून परत आले तर गाढ झोपलेले. तसे दुपारी ते नेहमीच झोपेत असायचे. मी डॉक्टरांना सांगितलंही होतं, त्यांना वाटलं आजाराचा थकवा असेल. पण हाक मारली की डोळे उघडायचे. त्या दिवशी उघडेनात."

"पॅचला कसली ऊब लागली होती का?" पॅच तापला की त्यातलं औषध भराभर अंगात उतरतं. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

"माझ्याही मनात पहिलं तेच आलं. ताप नव्हता. घरात शेकायची रबरी पिशवी होती, ती मी पहिल्याच दिवशी ॲल्स्टनदादांबरोबर गोव्याला पाठवली. गरम पाण्याची पिशवी पाठीला लावायची नाही, हे सगळ्यांसमोर सांगितलं. बाई मान डोलावून हो म्हणाल्या होत्या."

म्हणजे तोही रस्ता बंद.

"ॲल्स्टन म्हणतो, माफी मागितलीस तर तो तक्रार करणार नाही," मी म्हटलं.

"जे केलं नाही त्याची माफी मागू?"

"मागू नकोस. मागितलीस तर मीच तुला काढून टाकीन."

तेव्हा कुठे तिने डोळ्यांना पदर लावला. मला तिचा अभिमान वाटला, आणि ॲल्स्टनचा असा राग आला की मी तडक रिक्षा बोलावली.

३

बाप्तिस्तला नुकतंच इस्पितळातून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी कमी ताकदीचा पॅच लावला होता. ॲल्स्टन गोव्यातल्या कंपनीतून रजा टाकून बापाच्या उशाशी बसला होता. एरवी तो रविवारचाच येतो.

"सिस्टर, साधी गोष्ट आहे," तो म्हणाला. "रविवारी तुमच्या नर्सला सुट्टी. रविवारी पप्पा टक्क जागे! माझ्याशी बोलतात, मायशी भांडतात. इतर दिवशी मी फोन केला की झोपलेले. ती असली की झोप, नसली की जाग. आणखी काय पुरावा हवा?"

पुरावा चांगला होता. मला तो आवडला नाही, पण खोडताही येईना.

रॉविनाने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ही ॲल्स्टनची बायको. सकाळी शाळेत जाते ती दुपार उलटल्यावर परत येते. "आनंदी फटकळ आहे, मला चीडही येते तिची," ती म्हणाली. "पण तिनं हे केलं असं मला वाटत नाही. तुम्ही दाजींना विचारा. पप्पांच्या रापणीतले, मासेमारीतले जोडीदार. शेजारी सांगतात, रोज दुपारी येतात, हातात कापडी पिशवी. आत काय असतं विचारलं की हसतात. मला तर बाटलीचा संशय आहे."

या औषधावर दारू म्हणजे मरणच. माझे कान टवकारले. "ते रविवारी येतात?"

"रविवारी नाही. ॲल्स्टनला बाटली अजिबात चालत नाही."

बाप्तिस्तची बायको पिएदाद दारात बसून नारळ खवत होती. मी तिच्याशेजारी टेकले. "आनंदी कशी वाटता गो तुका?"

"वायट नाय," ती म्हणाली. "पण काळीज नाय तिका. इतके दिवस झाले, माका मावशी म्हणूक तिचा काय जाता?" मग तिने खवणं थांबवलं. "तिका पुलिसात तर नाय ना देवचे?"

"कित्याक विचारतंस?"

"सहज," म्हणून ती पुन्हा खवायला लागली.

मी बाप्तिस्तला कुशीवर वळवलं. पॅचच्या आसपासची कातडी लालसर होती. गादीवर हात फिरवला तर बोटांना बारीक रेव लागली. रॉविना म्हणाली, "समुद्रावरचं घर, सिस्टर. रेव काय, चहातसुद्धा येते."

खरंच होतं. पण मी चादर पायथ्यापर्यंत उचलली. पायाशी एक कण नव्हता, उशीवर नव्हता. रेव होती ती फक्त पाठीखाली. वाऱ्याने आलेली रेव अशी जागा निवडून पडत नाही. आणि हा माणूस तर कित्येक महिन्यांत किनाऱ्यावर गेला नव्हता.

४

दाजी सुरूच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसला होता. मी समोर उभी राहिले आणि सरळच विचारलं, "बाप्तिस्तक तू दारू पाजतंस?"

म्हाताऱ्याच्या हातातली सुई थांबली. "माझ्या जोडीदाराक? तेच्या मरणाक मी हात लावतलंय? कोणी सांगल्यान तुका?"

"मगे पिशयेत काय आसता?"

"ता पिएदादीक विचार. मी तिका शबूद दिलंय."

मला राग गिळावा लागला. दिलेला शब्द मोडायला लावून मिळालेलं उत्तर अर्धंच असतं, हा माझा अनुभव. मी बसले आणि दुसरंच बोलायला लागले. माझं माहेर बंदरावरचं, पण आम्ही व्यापारी. रापण मी आयुष्यभर लांबूनच पाहिली. किनाऱ्यावर दोन रांगा करून माणसं ते भलंमोठं जाळं पाण्यातून हातांनी ओढतात, एवढंच ठाऊक. "ह्या वयात ओढवता रे तुका?" मी विचारलं.

"हात काय, चलतत," तो खुशीत येऊन म्हणाला. "पाठ मोडता. दोराचो सगळो भार पाठीर. घराक गेलंय काय बायल पाठ शेकता, तेव्हा खंय जीव थाऱ्यार येता. सगळ्या रापणकारांच्या घरात ताच. बाप्तिस्ताचीय पाठ..."

तो वाक्य तोडून सुईत दोरा ओवू लागला. दोरा काही ओवला जाईना.

मी उठले. पायाखाली रेव होती, कोरडी, स्वच्छ, दुपारच्या उन्हाने तापलेली. मी मूठभर उचलली आणि बराच वेळ धरून उभी राहिले. मूठ उघडली तरी ती ऊबदारच होती.

तिथूनच मी ॲल्स्टनला फोन केला. "उद्या तू गोव्याला जा. उद्यापासून आनंदी ड्युटीवर येईल."

"वेड लागलंय का तुम्हाला? ती या घरात पाऊल ठेवणार नाही!"

"तुझ्या बापाला कोण मारत होतं ते हवंय ना तुला? मग जा. मी स्वतः तिथे असेन. त्याला काही झालं तर माझा ब्युरो बंद करून टाक."

तो गेला. पण गोव्याला नाही, मालवणात मित्राकडे थांबला. मला ते चालण्यासारखं होतं. घरात नाही म्हणजे पुरे.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी आनंदी नेहमीसारखी डबा घेऊन बाहेर पडली. मी तिच्याबरोबर गेल्यासारखं केलं आणि माडांच्या मागून परसात आले. बाप्तिस्तच्या खोलीची खिडकी तिथेच उघडते. तो कण्हत होता ते ऐकू येत होतं.

घरात गॅस आहे. तरी परसातली चूल पेटलेली होती. चुलीवर मातीची खापरी, खापरीत रेव. शेजारी दाजीची कापडी पिशवी रिकामी पडलेली. आणि पिएदाद वाकून उलथण्याने रेव परतत होती, मन लावून, पोहे भाजावेत तशी.

तिने रेव जुन्या लुगड्याच्या फडक्यात ओतली, गाठ मारली, आपल्याच गालाला लावून किती तापली ते पाहिलं. ती उठली तेव्हा मी वाटेत उभी होते.

"पिएदाद, ती पुरचुंडी माका दी."

ती दचकली नाही. उलट तिने पुरचुंडी छातीशी धरली. "दुखता गो तेंका. ऐक, कसे कण्हतत."

"आनंदीन सांगलेला नाय तुका? पाठीक गरम लावू नको म्हणान?"

"पिशयेचा सांगलेला. रबराची पिशी नको म्हणान. मी हात तरी लावलंय पिशयेक? रेवेचा कोण बोलला? ही तर आमची रेव. लगीन करून इलंय तेव्हापासून मी तेंची पाठ हिच्यानच शेकतंय."

मी तिथेच चुलीपाशी बसले. पॅच म्हणजे काय, तो तापला की काय होतं, सगळं तिला तिच्या भाषेत सांगितलं. ती ऐकत गेली तसतशी तिची बोटं सैल झाली.

"माका वाटला, बरा वाटता म्हणान झोपतत," ती म्हणाली. "शेकलंय काय तोंडावरचा दुखणा जाय. त्या दिवशी थंडी होती, पाठ लय दुखा होती, म्हणान रेव परत परत तापवलंय. मगे ता चेडू धावत इला, पॅच उपटल्यान, फोन केल्यान..." ती थांबली. "म्हणजे मी? रुकय्या, मीच ह्येंका मारीत होतंय?"

"झिलासमोर, ॲल्स्टनासमोर, कित्याक नाय शेकलंस?"

"तो वराडता. डॉक्टरान लिवला तेवढाच करूचा म्हणता."

रविवारचं कोडं तिथे सुटलं. रविवारी आनंदी नसते हे खरं, पण रविवारी ॲल्स्टन घरात असतो हेही खरं. त्याने अर्धीच गोष्ट मोजली होती. बाप जागा राहायचा तो नर्स नसल्यामुळे नाही, मुलगा असल्यामुळे. मुलगा समोर असला की चूल पेटत नव्हती आणि दाजीची पिशवी येत नव्हती.

पिएदादने पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि चुलीकडे तोंड फिरवलं. "न्हाणयता ता चेडू, भरयता ता, औषध देता ता. माका सांग, माझ्या हातात काय रवला होता? एक शेक रवलो होतो."

मला तिच्यावर रागावता आलं नाही. मी तिला जवळ घेतलं, आणि ती लहान पोरीसारखी रडली.

६

संध्याकाळी ॲल्स्टन आला. मी सगळं सांगितलं. तो आईवर रागावला नाही, हे त्याचं मोठेपण. मग तो आनंदीकडे वळला.

"चुकलो. माफ कर. आतापासून तू आमच्या घरचीच. दुपारी इथेच जेव, वाटलं तर राहायलाही ये."

"नको, दादा," आनंदी म्हणाली. "घरची झाले तर मला कोणाला नाही म्हणता येणार नाही. मी बाईंना फक्त पिशवीचं सांगितलं, ऊब कसलीच नको असं सांगायला हवं होतं. घरात काय काय करता तेही विचारायला हवं होतं. तेवढी चूक माझी. झोपेच्या औषधाची नाही. ते तुम्ही वाडीत सांगितलंत, वाडीतच परत घ्या. घेतलंत तर सोमवारी येईन. नाहीतर मॅडम दुसरी नर्स देतील."

माझ्याकडे दुसरी नर्स नव्हती. तरी मी मान डोलावली.

मग ती पिएदादजवळ गेली. "बाई, डॉक्टरांनी दुखण्याचं औषध बदलून दिलंय, आता शेकाची गरज पडू नये. पण मी नसताना त्यांचा श्वास बघायला माणूस हवं. छाती अशी वरखाली होते ना, ती मंदावली तर मला लगेच फोन करायचा. हात त्यांच्या छातीवर ठेवून बसा. हे मी रॉविनावहिनींना नाही सांगणार. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही त्यांच्यावरून नजर हलवत नाही."

पिएदादने हात ठेवला. बाप्तिस्तने डोळे उघडले आणि म्हणाला, "हात किती थंड गो तुझो! मेलंस काय?" आणि त्या दोघांचं तिथेच जुंपलं.

रविवारची प्रार्थना, मीस, सुटायच्या वेळी मी मुद्दाम कपेलासमोर जाऊन उभी राहिले. वाडी बाहेर आली. ॲल्स्टन पायरीवर उभा राहून घसा खाकरतोय तोच पिएदाद त्याला बाजूला सारून पुढे झाली.

"ऐका!" ती म्हणाली. उभ्या जन्मात चार माणसांसमोर न बोललेली ती बाई. "आनंदीन काय केल्यान नाय. माझ्या घोवाक तिना वाचवल्यान. चूक माजी. रेव मी तापवलंय, तिका लपवून तापवलंय. माझ्या झिलान तिचा नाव घेतल्यान ता खोटा. जेंनी जेंनी तिका वायट म्हटल्यानी, तेंनी आता गप रवा."

दाजीने टोपी काढून हातात घेतली. मागच्या रांगेतली, मला निरोप पाठवणारी एक बाई खाली बघू लागली.

मी तिथूनच आनंदीला फोन लावला. हे सगळं ऐकायला तिने यावं म्हणून आदल्या दिवशी मी किती विनवलं होतं! फोन उचलल्यावर मागून कोंबड्यांचा गलका ऐकू आला. मी एका दमात सगळं सांगितलं, पिएदाद काय बोलली, कशी बोलली, कोण कोण होतं.

तिचा आवाज आला तेव्हा तो ओला होता, पण ठाम होता.

"बरं झालं, मॅडम. पण आज माझी सुट्टी आहे. उद्या सकाळच्या गाडीने येते."

आणि तिने फोन ठेवला.